पिंजऱ्याबाहेरचा चारा

माझ्या नोकरीची बरीच वर्षं पिठातले किडे मारण्यात गेली. लग्न होऊन मिरजेहून इंग्लंडला आले तेव्हा सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची प्राणिशास्त्राची पदवी जवळ होती, आणि तिच्या जोरावर नॉर्दम्प्टनच्या बाजूला पिठाच्या एका गिरणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. पिठाचे नमुने चाळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली किड्यांच्या पायांचे आणि मिशांचे तुकडे शोधायचे आणि सापडले की वरच्या साहेबाला कळवायचं. ईस्टरच्या सुट्टीत अख्खी गिरणी बंद करून, दारं-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवून मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली जाई. त्या वायूने ओझोनचा थर विरतो म्हणून पुढे त्यावर बंदी आली, पण तोवर त्याने आमच्यासाठी कोट्यवधी जीव मारले होते.

रोजचे शत्रू म्हणजे तांबूस टोके आणि पिठात जाळी करणारे पतंग. मीलवर्म त्या मानाने क्वचित दिसे. ओलसर कोपऱ्यात, सांडलेल्या कोंड्याच्या जुन्या थरात, नाहीतर छपराखालच्या पारव्यांच्या घरट्यात. बोटाच्या पेराएवढी, पिवळसर, कडक गुळगुळीत सालीची ही अळी पुढे काळपट भुंगेरा होते. लिनियसने १७५८ साली त्याला टेनेब्रिओ मॉलिटर असं नाव दिलं. गिरणीत तो सापडला की कुणीतरी झाडलोट नीट केली नाही एवढं नक्की व्हायचं आणि दोन दिवस सगळ्यांची तोंडं उतरलेली असायची.

आता हीच अळी मी पैसे देऊन आणते. इथल्या बागकामाच्या दुकानांत ती जिवंत मिळते, कोंडा भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि किलोच्या हिशेबाने कोंबडीपेक्षा महाग पडते. गारठ्यात ती सुस्त राहते आणि तिचा कोश लवकर होत नाही, म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. आमच्या घरी तो श्रीखंडाच्या शेजारी असतो आणि त्यावरून यजमानांची कुरकुर अजून संपलेली नाही. सकाळी मूठभर अळ्या उभ्या काठाच्या चिनी मातीच्या वाटीत घालून बाहेर ठेवल्या की आधी रॉबिन येतो, मग ब्लॅकबर्ड. स्टार्लिंगांची टोळी उतरली तर वाटी बघता बघता रिकामी.

गिरणीवाल्यांच्या या शत्रूला बागेत मानाचं पान कुणी मांडलं, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. इंग्रज माणूस पाखरांना दाणे घालतो ही जुनी गोष्ट आहे, अळ्या घालतो ही त्याच गोष्टीची पुढची पायरी असेल, अशी माझी समजूत होती. वाचत गेले तसं दिसलं की या दोन गोष्टींचं कूळ वेगळं आहे. दाणे आणि पावाचा चुरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. अळी आली ती पिंजऱ्यातून.

पिंजऱ्याची गोष्ट जर्मनीतून सुरू करावी लागते. थुरिंगियातल्या योहान मॅथॉयस बेखश्टाइन या निसर्गाभ्यासकाने १७९५ साली घरात पाळायच्या पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकात त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि पक्षी पाळणाऱ्या घरांत ते वर्षानुवर्षं वापरात राहिलं. बेखश्टाइनपुढची अडचण साधी होती. कॅनरी, गोल्डफिंच, लिनेट हे दाणे खाणारे पक्षी, त्यांना जगवणं सोपं. पण ज्यांच्या गाण्यासाठी लोक वेडे होत ते नाइटिंगेल, ब्लॅककॅप यांच्यासारखे पक्षी किडे खाणारे. थंडीत किडे आणायचे कुठून? त्याने उत्तर दिलं: घरातच पिकवा. मातीच्या किंवा काचेच्या मोठ्या बरण्या घ्या, त्यांत गव्हाचा कोंडा, जवाचं किंवा ओटचं पीठ भरा, साखरेच्या पुड्याचा जाड कागद नाहीतर जुन्या जोड्यांच्या चामड्याचे तुकडे टाका, अळ्या सोडा आणि बिअरमध्ये किंवा नुसत्या पाण्यात भिजवलेलं लोकरी फडकं वर घालून तीन महिने ठेवून द्या. भुंगेरे होतील, ते अंडी घालतील आणि बरणी पुन्हा भरेल.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक घेऊन तडक शेजारी गेले. आमचे शेजारी नव्वदीला टेकलेले आहेत, या गावातच जन्मले, वाढले. नॉर्दम्प्टन म्हणजे जोड्यांचं गाव. इथल्या कारखान्यांनी दोन्ही महायुद्धांत सैन्याला बूट पुरवले. शेजाऱ्यांचे वडील अशाच एका कारखान्यात तळवे कापायचे आणि घराच्या मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीला लागून, पक्षी पाळायचे. मी बेखश्टाइनची कृती वाचून दाखवली. चामड्याच्या तुकड्यांपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“कारखान्यातून आणायचे बाबा,” ते म्हणाले. “खिशातून. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडा, वर गोणपाट, मधे चामड्याच्या कातरणी आणि एक अर्धा बटाटा. आई त्या डब्याला हात लावायची नाही.”

जर्मन निसर्गाभ्यासक आणि इंग्रज चांभार यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर. या चांभाराने बेखश्टाइनचं नावही ऐकलेलं नव्हतं. पक्षीवाल्यांची विद्या पुस्तकापेक्षा तोंडी जास्त चालायची. मऊ चोचीचे म्हणून ओळखले जाणारे, किडे खाणारे पक्षी पाळणं हे या मंडळींत कसबाचं काम मानलं जाई. कॅनरी काय कुणीही पाळेल. ब्लॅककॅपला हिवाळा पार करून दाखवा, असा त्यांचा तोरा. वाळवलेली मुंग्यांची ‘अंडी’ (खरं तर कोश), उकडलेलं अंडं, पाव आणि पीठ दुधात कालवून केलेली पेस्ट हे रोजचं जेवण आणि वरून मोजून दिलेल्या अळ्या. जास्त दिल्या तर पक्षी लठ्ठ होतो, कमी दिल्या तर गात नाही. पक्षी माणसाळवायचा असला की पहिले काही दिवस अळी फक्त हातातूनच द्यायची, हेही त्याच विद्येतलं.

शेजाऱ्यांच्या वडिलांकडे एक शामा होता. हे ऐकून मी उडालेच. शामा म्हणजे आपल्या दयाळाचा लांब शेपटीचा भाऊबंद, कोकणात आणि सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारा. किडे खातो आणि गाण्यात कुणाला हार जात नाही. जहाजांवरून हे पक्षी युरोपात यायचे आणि हौशी लोक त्यांना चांगली किंमत द्यायचे. पक्ष्याच्या आवाजाचं सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण शामाचंच आहे. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने घरच्या पिंजऱ्यातल्या शामाचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर उतरवलं होतं. हाच कोख १९३६ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला आला आणि बीबीसीवर पक्ष्यांचे आवाज ऐकवून घराघरांत पोचला. नॉर्दम्प्टनच्या अंगणातल्या शामाने मात्र एकच हिवाळा काढला.

या छंदाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लंडनच्या पूर्व भागात क्लब रोला पक्ष्यांचा बाजार भरायचा. दारूच्या गुत्त्यांमध्ये चॅफिंच पक्ष्यांच्या गाण्याच्या शर्यती लागायच्या, पैजा झडायच्या आणि पक्षी जास्त गावा म्हणून त्याचे डोळे तापल्या तारेने मिटवायचेही लोक होते. जाळ्यात पकडलेल्या पक्ष्यांपैकी कितीतरी बाजारात पोचण्याआधीच मरायचे. ज्यांच्याकडून मला अळीचा इतिहास कळला ती माणसं आणि हे क्रौर्य एकाच गल्लीत राहत होतं.

याच काळात स्वयंपाकघरातून येणारा दुसरा प्रवाह वेगळा वाहत होता. श्रॉपशरमधल्या वेस्ट फेल्टनला जॉन फ्रीमन डोव्हॅस्टन नावाचा कवी राहायचा, लाकडी ठशांवर पक्षी कोरणाऱ्या टॉमस ब्यूइकचा स्नेही. १८२० च्या दशकात त्याने खिडकीसमोर पाखरांसाठी चाऱ्याचं एक साधन उभं केलं आणि त्याला ग्रीक धर्तीचं भारदस्त नाव दिलं. हौस त्याची एकट्याची होती. सार्वजनिक सवय व्हायला शतकाचा शेवट उजाडला. १८९० च्या दशकातल्या कडक हिवाळ्यांत समुद्रपक्षी टेम्सवरून लंडनमध्ये शिरले आणि कारकून, मजूर पुलांच्या कठड्यांवरून त्यांना पाव आणि स्प्रॅट मासळी टाकू लागले. डब्ल्यू. एच. हडसनने १८९८ च्या आपल्या लंडनच्या पक्ष्यांवरील पुस्तकात हे टिपून ठेवलं आहे.

हे दान होतं आणि दानाचे नियम त्याला लागू होते. आपल्याकडे काकबळी ठेवतात, अंगणात कण्या टाकतात, त्यात आपल्या पानातला वाटा काढून द्यायची भावना असते. इंग्रजांचंही तेच. म्हणून आपल्या पानात टंचाई आली की दान गुन्हा ठरतं. दुसऱ्या महायुद्धात अन्न वाया घालवण्याविरुद्ध हुकूम निघाला आणि १९४३ च्या जानेवारीत बार्नेटच्या एका बाईला पाखरांना पाव टाकू दिल्याबद्दल दहा पौंड दंड झाला. तेव्हाचे दहा पौंड म्हणजे कामगाराची दोन-तीन आठवड्यांची मिळकत. पिठातल्या अळ्या टाकल्या असत्या तर तिला कुणी काही म्हणालं असतं का, असं माझ्या मनात येतं. पण तेव्हा अळी बागेत टाकायची वस्तू नव्हती. ती मोजक्या दर्दी लोकांच्या डब्यात होती.

अशा दर्दी लोकांपैकी सगळ्यांत मोठं नाव म्हणजे एडवर्ड ग्रे. १९०५ ते १९१६ अशी अकरा वर्षं ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. युरोपातले दिवे मालवत चालल्याचं त्याचं उद्गारवाक्य पहिल्या महायुद्धाच्या प्रत्येक इतिहासात येतं, त्यामुळे त्याला लोक तेवढ्यावरच ओळखतात. मला तो आवडतो तो दुसऱ्या कारणासाठी. १९१० च्या जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इंग्लंडला आले असताना हा गृहस्थ त्यांना घेऊन न्यू फॉरेस्टच्या रानात पक्षी ऐकायला निघून गेला. मंत्रिपद सोडेपर्यंत त्याची दृष्टी अधू होत चालली होती. वाचन अवघड झालं, लांबचा पक्षी दिसेना. मग त्याने पक्ष्याला जवळ आणलं.

१९२७ साली त्याचं ‘द चार्म ऑफ बर्ड्स’ निघालं. त्यात नॉर्थंबरलंडमधल्या फॅलोडनच्या घरी रॉबिन कसे माणसाळवले ते त्याने पायरीपायरीने सांगितलं आहे. आधी चुरा टाकून ओळख करायची. मग मीलवर्म दाखवायची. एकदा तिची चव लागली की चुऱ्याकडे रॉबिन बघत नाही. मग अळ्यांची उघडी डबी जमिनीवर, नंतर जमिनीला टेकलेल्या तळहातावर, आणि शेवटी माणसाने उभं राहायचं व पक्ष्याने हातावर यायचं. कडाक्याच्या थंडीत हे सगळं झटपट होतं, कारण भूक भीतीला पुरून उरते. टोपीवर रॉबिन बसलेला ग्रेचा फोटो प्रसिद्ध आहे.

ही रीत पिंजऱ्यातली आहे हे पक्षीवाल्या माणसाला लगेच ओळखू येईल. अळी हातातूनच द्यायची, आधी थोडी, भूक राखून. ग्रेने तिच्यातला फक्त पिंजरा काढून टाकला. पक्षी यायला मोकळा, जायला मोकळा, अळीपुरता तुमचा. आणि यात दानाची भावना औषधालाही नाही. रॉबिन उपाशी मरेल म्हणून ग्रे त्याला अळी देत नव्हता. तो हातावर यावा म्हणून देत होता. मला हा व्यवहार जास्त प्रामाणिक वाटतो. रॉबिनही त्यातला पक्का आहे. युरोपच्या रानात तो रानडुकरांच्या मागे मागे फिरतो, त्यांनी उकरलेल्या मातीतले किडे टिपायला. इंग्लंडात डुकरं संपली, तर त्याने कुदळवाला माळी धरला.

पुढच्या काळात कायद्यानेही पिंजऱ्याचं दार लावलं, म्हणजे उघडलं. १९३३ आणि मग १९५४ च्या कायद्यांनी रानातले पक्षी पकडणं आणि विकणं जवळपास बंद झालं. क्लब रोला जिवंत जनावरांचा बाजार रखडत चालू राहिला तो १९८३ मध्ये थांबला. पिंजरे माळ्यावर गेले, पण डबे उरले, आणि डबे सांभाळणारी माणसं उरली. शेजाऱ्यांच्या वडिलांनी शेवटचा पक्षी मेल्यावरही कोंड्याचा डबा चालू ठेवला. अळ्या रोज सकाळी भिंतीवर ठेवायचे, रॉबिनसाठी. रस्त्यावरच्या लोकांना ते विचित्र वाटायचं. पाव टाकणारा माणूस दयाळू आणि अळ्या टाकणारा चक्रम, असा तेव्हाचा हिशेब.

हा हिशेब माझ्या डोळ्यांदेखत फिरला. मी इथे आले तेव्हा बागांमध्ये शेंगदाण्यांच्या लाल जाळ्या लोंबायच्या, तेही फक्त हिवाळ्यात. विणीच्या दिवसांत अख्खे शेंगदाणे ठेवले तर पिल्लांच्या घशात अडकतील, म्हणून उन्हाळ्यात काही घालू नका, असा जुना सल्ला होता. मग वर्षभर चारा घाला असं पक्षीसंस्था सांगू लागल्या आणि उन्हाळ्यात घालायचं काय, याचं उत्तर त्या पत्र्याच्या डब्यात तयार होतं. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लाला पहिले दिवस किडेच भरवते. पाळीव सरडे, बेडूक यांच्यासाठी अळ्यांची शेती एव्हाना वाढलेली होतीच. टपालाने अळ्या येऊ लागल्या. मागोमाग वाळवलेल्या अळ्यांची पोती आली, बहुतेक चीनमधून. त्या स्वस्त, टिकाऊ आणि हात लावायला सोप्या. पण जिवंत अळीत निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि घरट्यातल्या पिल्लाला पाणी मिळतं ते चाऱ्यातूनच. म्हणून वाळकी अळी भिजवून घाला, असं सांगतात. कॅल्शियम दोन्हींत कमीच. नुसत्या मीलवर्मवर पिल्लू वाढवलं तर हाडं कच्ची राहतील, हे बिस्किटांचा डबा बाळगणाऱ्यांना पाठ होतं.

चिमणीचं निघालंच आहे तर सांगते. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये मॅक्स निकल्सनने १९२५ साली चिमण्या मोजल्या होत्या, २,६०३ भरल्या. २००० साली तिथे ८ सापडल्या. का गेल्या यावर वाद झाले. शहरात किडे उरले नाहीत म्हणून पिल्लं जगत नाहीत, हा एक अंदाज. तो तपासायला पक्षीसंशोधकांनी लंडनच्या उपनगरांत चिमण्यांच्या ६६ वसाहती निवडल्या आणि त्यांतल्या निम्म्या वसाहतींना विणीच्या चार हंगामांत रोज मीलवर्म दिल्या. जिथे अळ्या मिळाल्या तिथे उडायला लागलेली पिल्लं भरपूर वाढली. मोठ्या चिमण्यांची संख्या मात्र जवळपास तिथल्या तिथेच राहिली. पिल्लं जगवून भागलं नाही. पुढे त्यांना आणखी काहीतरी कमी पडत होतं. मिरजेला आमची आजी उन्हाळ्यात गच्चीवर गव्हाचं वाळवण घालायची तेव्हा चिमण्या गव्हापेक्षा त्यातले सोंडे आधी वेचायच्या. आजी त्यांना हाकलायची नाही, काम करतात म्हणायची. गहू आता साफ करून पाकिटात येतो. तो साफ ठेवण्यात माझाही हात लागलेला आहे.

कायद्याची एक गंमत. गाईंच्या मेंदूरोगाच्या धसक्यानंतर प्राण्यांपासून बनलेलं खाद्य जनावरांना घालण्यावर कडक नियम झाले आणि त्यात किडेही सापडले. त्यामुळे आमच्या गल्लीत ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना वाळवलेली मीलवर्म कोंबडीला घालता येत नाही, घरची पाळीव कोंबडी असली तरी. त्याच कुंपणावर बसलेल्या रॉबिनला ती खुशाल घालावी. आणि समुद्रापलीकडे युरोपीय संघाने २०२१ मध्ये हीच अळी माणसांनी खायला मंजूर केली.

स्टार्लिंगांपुढे लहान पक्ष्यांचा निभाव लागत नाही म्हणून गेल्या वर्षी मी दुकानातून तारेचं एक झाकण आणलं. वाटी आत ठेवायची. रॉबिन, चिमण्या गजांतून आत शिरतात, मोठे पक्षी बाहेर राहतात. शेजाऱ्यांनी ते कुंपणावरून बराच वेळ निरखलं. मग विचारलं, हा पिंजरा केवढ्याला मिळाला?

आता साथीच्या रोगांनी सगळ्यांना हादरवलं आहे. २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांमध्ये घशाचा एक परोपजीवी रोग पसरला. तो चाऱ्याच्या जागी उष्ट्यातून फैलावतो. ग्रीनफिंच झपाट्याने घटले आणि २०२५ मध्ये आरएसपीबी या इथल्या सर्वांत मोठ्या पक्षीसंस्थेने सपाट चाराटेबलं विकणंच थांबवलं. अळ्यांच्या डब्यासोबत हल्ली एक छापील कागद येतो: भांडी नियमित घासा, जागा बदलत राहा, एका दिवसात संपेल एवढंच ठेवा. शेजाऱ्यांचे वडील दर शनिवारी पिंजऱ्यांच्या दांड्या धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात घासायचे. पोरांना खेळायला जायच्या आधी ते काम असे. मी कागद शेजाऱ्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, घडी घालून परत केला आणि म्हणाले, “सोड्याचं लिहायचं राहिलंय यांचं.”